भोक नेमकं आकड्यावर पडलं

तांदळाएवढं एक भोक.

कळण्याचं पीठ, पाच किलो.

विमानातली पुढच्या रांगेतली एक जागा, दुखरा गुडघा लांब करता येईल अशी.

सायकलच्या चाकाची मोडकी तार.

सुरतेच्या गोडादऱ्यात हिलाल पाटील नावाची माणसं किती असतील?

मित्रांनो, यांचं एकमेकांशी काय नातं, असं तुम्हाला वाटेल. ते नातं मी आहे. मी कागद खोचायची एक जुनी तार आहे. माझं बूड लाकडी, अंग सरळ आणि टोक बोचरं आहे.

सुरतेतल्या एका लूमच्या कारखान्यात माझा जन्म झाला. हिलालभाऊ तिथे कारागीर होते. त्यांनी सायकलची तार दगडावर घासून तिला टोक काढलं. आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी धोटा झिजून निकामी झाला होता. त्याचा तुकडा कापून त्यात मला ठोकलं. कापडाचा एक ताका उतरला की त्याची एक चिठ्ठी मिळे आणि ती माझ्या अंगावर चढे. किती ताके झाले यावरून वाद निघाला की मुकादम म्हणायचा, "हिलालशी कशाला भांडता? त्याच्या तारेला विचारा." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे नवी यंत्रं आली आणि चिठ्ठ्या गेल्या. मी हिलालभाऊंच्या गोडादऱ्यातल्या खोलीत फळीवर येऊन बसले. लाइटबिल, औषधाच्या चिठ्ठ्या, कधीमधी लग्नाची पत्रिका. अंगावर गंज चढला. धाकटी मुलगी चंचल तर येता-जाता म्हणायची, "आबा, आता सगळं मोबाईलमध्ये असतं. ही तार भंगारवाल्याला द्या."

"आनी मोबाईल बंद पडना मंग?"

"नाही पडत हो!"

मी ऐकून घेत असे. तारेला दुसरं काय करता येतं?

थोरली योगिता बंगळूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून सांगितलं. तेव्हा माहेरच तिच्याकडे निघालं. आई सुंदराबाईंनी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळून आणलं, डिंकाचे लाडू वळले, ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, बांधले, बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. तिकिटं नाक्यावरच्या भाईदास एजंटच्या दुकानातून काढली. पण विमानात माणशी पंधराच किलो चालतात आणि माहेराचं वजन त्याहून जास्त भरलं. मग चंचलने साड्यांना टिकल्या लावून जमवलेल्या पैशांतून थेट विमान कंपनीकडून पंधरा किलो जास्तीच्या सामानाची सोय विकत घेतली. आईच्या गुडघ्यासाठी पुढची जागाही घेतली. साडेनऊ हजार गेले.

हिलालभाऊंनी झेरॉक्सवाल्याकडून त्याचा कागद काढून आणला आणि खुशीत एका धपक्यात माझ्यावर खोचला. कुठे टोचतंय ते त्यांनी पाहिलं नाही. खरं सांगते, मीही पाहिलं नाही.

निघायला आठ दिवस राहिले होते. भाईदास स्वतःच धावत आला.

"हिलालभाऊ, चूक झाली. त्या दुसऱ्या हिलाल पाटीलचं तिकीट रद्द करायचं होतं, तुमचं झालं. नाव एक, आडनाव एक, मी काय करू?"

"मंग थोबाड पाहीसन कर ना रद्द!" सुंदराबाई आतून कडाडल्या.

भाईदास माणूस वाईट नव्हता. त्याने त्याच विमानाची नवी तिकिटं स्वतःच्या खर्चाने काढून दिली. पण सामानाचं आणि जागेचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते मी विकलेलं नाही. तुम्ही परस्पर घेतलंत. कंपनीला विचारा." कंपनीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "टिकट एजंट का है, एजंट से पूछिए." दोन दिवस हेच चाललं. चंचलकडे पुन्हा भरायला पैसे नव्हते.

तिसऱ्या दिवशी फोनवरच्या एका बाईने नीट सांगितलं. सामान आणि जागा यांची पावती वेगळी असते, तिचा तेरा आकडी नंबर द्या, पैसे परत मिळतील. चंचलने मोबाईल उघडला आणि तिचं तोंड उतरलं. मोबाईल भरला म्हणून तिने मागच्याच आठवड्यात जुन्या सगळ्या मेल पुसून टाकल्या होत्या.

 हिलालभाऊ उठून माझ्याकडे आले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा तारेला विचारत होतं!

कागद निघाला. चंचल ओरडली, "आबा! आकड्यावरच टोचलंत तुम्ही!"

तेरा आकड्यांतला नववा गेला होता. त्या जागी माझ्या जाडीचं भोक होतं. मला पुरतं गंजून जावंसं वाटलं.

सुंदराबाईंनी पिशवी सोडली आणि पिठाचा डबा बाहेर काढून ठेवला. "ऱ्हाऊ दे. पोर तठेनं मियी ते खाई," तिकडे मिळेल त्यावर पोरीने भागवावं, असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

हिलालभाऊंनी कागद हातात घेऊन भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तीन हजार धागासमाईन एक तुटेल धागा शोधस मी. हाई त दहाच आकडा शेतस. लाव फोन."

शून्य सांगून पाहिला. नाही. एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही.

"अंकल, लॉटरी लगा रहे हो क्या?" फोनवरची बाई हसली.

"नहीं बेटी, हमारी तार बीच में घुस गई."

चारही नाही, आणि फोन कटला. पुन्हा लावला. वीस मिनिटं गाणं वाजलं आणि या वेळी एक माणूस आला.

"आबा, आता पाचपासून सांगा ना," चंचल कुजबुजली.

"काम मधेच तुटनं की किनारपाईन सुरू करानं," हिलालभाऊ म्हणाले. लूमवर धागा शोधताना कुणी हाक मारली, तर ते परत कापडाच्या काठापासून पाहात. चंचलने कपाळावर हात मारला.

शून्य. नाही. एक. नाही. दोन.

"हां सर, मिल गया."

दोनच होता! पहिल्या बाईने घाईत काहीतरी चुकीचं दाबलं असणार. पाचपासून सुरुवात केली असती, तर नऊपर्यंत जाऊनही हाती काही लागलं नसतं.

त्या माणसाने पाहून सांगितलं, की एजंटने तिकीट रद्द केलं, सामान वापरलंच नाही, पूर्ण पैसे परत येतील. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी चंचलच्या मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. तिने तो मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला. सुंदराबाईंनी पिठाचा डबा पिशवीत घातला आणि वर दोरीची गाठ मारली. घट्ट मारली. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी लांब श्वास सोडला. कुणी ते मला कळलं नाही. कदाचित तिघांनीही सोडला असेल.

चंचलने जास्तीचं सामान आणि पुढची जागा पुन्हा घेतली. नवा कागद हिलालभाऊंनी उजेडात धरला, कोरा कोपरा शोधला आणि हळूच माझ्यावर टेकवला. चंचलने आधी त्याचा फोटो काढला.

"फोटो पण आणि तार पण," ती म्हणाली. मग तिने जुन्या टूथब्रशने माझा गंज घासला.

मित्रांनो, एकच मागणं आहे. कागद जपा. मोबाईलमध्ये जपा, तारेवर जपा, जमल्यास दोन्हीकडे. आणि खोचताना कोपरा बघा. टोकाला डोळे नसतात, ते तुम्हालाच आहेत.

सध्या खोलीला कुलूप आहे. तिघंही बंगळूरला आहेत.

हिलालभाऊंनी मला धोट्याच्या तुकड्यात ठोकलं, त्या दिवशी योगिता नऊ दिवसांची होती; म्हणजे ती माझी नऊ दिवसांनी मोठी बहीण.