मी आहे, तुम्ही असाल तर

दर शुक्रवारी दुपारी मिशनच्या शाळेच्या वाचनालयात बसून मी तीनशे बारा माणसांना ई-मेलने पत्र पाठवते. बत्तीस वर्षं मी या शाळेच्या हॉस्टेलची मेट्रन होते. माझ्या हातचा साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खाऊन वाढलेली पोरं आता जोहान्सबर्ग, पर्थ, लेस्टर, कुठे कुठे जाऊन बसलीत. त्यांना मी इथलं कळवते. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, मझांजेच्या झाडांना यंदा किती फळ धरलं.

सहा वर्षांत थोडंफार शिकले. नव्या इमारतीची बातमी कुणी वाचत नाही, स्वयंपाकघरातल्या कुत्र्याची सगळे वाचतात. मेलेल्या माणसाचं नाव तीनदा तपासावं. आणि उत्तराची वाट पाहू नये. हे शेवटचं अजून नीट जमलेलं नाही.

खरं सांगायचं तर तीनशे अकरा जण नुसते सोबतीला आहेत. पत्र एकालाच असतं. माझा मुलगा गारिकाई लेस्टरला राहतो. त्याचे बाबा वारले तेव्हा त्याचे तिथे राहण्याचे कागद झाले नव्हते. निघाला असता तर तिथे परत आत घेतलं नसतं, म्हणून तो आला नाही. आमच्या कुळातल्या बायकांना चिहेरा म्हणतात, आणि चिहेराच्या जिभेला हाड नसतं हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. भरल्या अंगणात, माती द्यायला जमलेल्या माणसांसमोर, मी फोनवर त्याला म्हटलं, "बापाच्या मातीला आला नाहीस, आता आईच्या मातीलाही येऊ नकोस."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केले ते त्याने उचलले नाहीत, मग मीही हट्टाला पेटले. दोन महिन्यांनी हे पत्र सुरू केलं आणि यादीत पहिला पत्ता त्याचा घातला.

पत्राची सुरुवात नमस्काराने. तो आम्ही घाईत उरकत नाही. झोप लागली का, घरचे कसे आहेत, तिकडे थंडी किती, आणि शेवटी आमचं नेहमीचं: मी आहे, तुम्ही असाल तर. समोरच्याने 'आम्ही आहोत' म्हटलं की नमस्कार पुरा होतो. माझा सहा वर्षं अर्धाच पडून आहे.

ईस्टरला माझ्या भावाची मुलगी न्येम्बेसी हरारेहून आली. मी तिची तेते, म्हणजे आत्या, आणि तेतेला टोमणे मारायचा भाचीला आमच्याकडे हक्कच असतो.

"तेते, अकरा ओळी नुसता नमस्कार? लोक बसमध्ये उभ्याने वाचतात. तेवढ्यात त्यांचा स्टॉप येतो."

"मग उतरून वाचावं."

"उतरून कामाला लागतात. बातमी पहिल्या ओळीत पाहिजे. आणि खाली एवढी लांबलचक सही कशाला?"

"नमस्कार न करता कुणी कुणाच्या घरात शिरतं का?"

"हे घर नाही, ई-मेल आहे. एकदा करून तर बघ. नाही पटलं तर मला हाकलून दे."

तिच्या नादी लागले. त्या शुक्रवारी पत्राची पहिली ओळ होती, 'हॉस्टेलच्या विहिरीचा पंप सोमवारपासून बंद आहे.' वर नमस्कार नाही, खाली माझी सही नाही.

एक गोष्ट मी विसरले. आमच्याकडे एका घरात नमस्कार न करताच शिरतात. जिथे माणूस गेलंय तिथे. आधी हात हातात घेऊन दुःखाचं बोलायचं, नमस्कार त्यानंतर.

शनिवारी सकाळी मी चादरी वाळत घालत होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता रुसापेला नर्स असलेली, डोक्याला फडकं बांधून, मयताच्या घरी नेतात तसं दहा किलो मक्याचं पीठ घेऊन फाटकात आली. मला पाहिलं आणि पीठ पायरीवर टेकवलं.

"मेट्रन, तुम्ही आहात."

"का, दिसत नाही?"

"मग नमस्कार का नाही केलात? रात्रभर रडले मी. आता हे पीठ परत नेऊ की ठेवू?"

"ठेव. आज ना उद्या लागेलच."

वाचनालयात जाऊन पाहिलं तर सत्त्याऐंशी उत्तरं. सहा वर्षांत सगळी मिळून नऊ आली होती. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, मेट्रन गेल्या का. न्येम्बेसी म्हणाली, "बघ, काढला नमस्कार आणि झाले की नाही जागे?" लेस्टरचं उत्तर नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. सत्त्याऐंशी माणसं माझ्यासाठी हळहळली होती आणि मला आपलं कुणीच नाही असं वाटत होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर शेजारचे बाबा मापोसा आले. पूर्वी ते शाळेची बस चालवायचे.

"चिहेरा, सांगू नका म्हणून बजावलंय, म्हणून आत बसून सांगतो."

"कुणी बजावलंय?"

"गारिकाईने. काल सकाळी फोन आला. विचारलं, आई आहे का."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणाला, 'तिने येऊ नको म्हटलं होतं, पण मी निघू का? बॅग भरली आहे. इथे परत नाही घेतलं तरी चालेल.'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, आहे, आत्ताच माझ्या कोंबड्यांना शिव्या घालताना ऐकलं." बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "मग म्हणाला, 'आहे ना, मग ठीक.' आणि फोन ठेवला."

ते गेल्यावर मी आधी चिडले आणि मग रडले. म्हणजे दर शुक्रवारी तो वाचत होता. मी आहे एवढं वाचून निश्चिंत होत होता. मी मेले तर येणार होता, आणि आहे म्हणून येत नव्हता. एक वाईट विचारही मनात आला, की पुढच्या शुक्रवारी पुन्हा नमस्कार गाळावा आणि बाबा मापोसांना त्यांच्या लेकीकडे धाडून द्यावं. पण मेलेल्याचं नाव तीनदा तपासायचं हा नियम माझाच.

शुक्रवारी अकराच्या अकरा ओळी नमस्कार लिहिला. त्याखाली लिहिलं:

'सहा वर्षांपूर्वी मी एकाला म्हटलं होतं, माझ्या मातीला येऊ नकोस. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांत शब्द मागे घेते. चूक माझी होती. पण त्याने माती होईपर्यंत थांबू नये. कागद झाले की यावं, तोवर नमस्काराचं उरलेलं अर्धं तेवढं लिहावं.'

न्येम्बेसीचा मेसेज आला. 'तेते, पंप दुरुस्त झाल्याची बातमी पार सोळाव्या ओळीला गेली.' मी लिहिलं, जाऊ दे.

लेस्टरला त्याची कामावरची सुटी व्हायला अजून दोन तास होते. वाचनालयाची किल्ली माझ्याकडेच होती. मी बसून राहिले.