खिशात घातलेल्या पेनड्राइव्हचा सूड

मित्रांनो, राम कृष्ण हरी! आवाज कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे बघू नका. बाजाच्या पेटीवर ठेवलेला, टोपण हरवलेला, बोटाएवढा काळा पेनड्राइव्ह म्हणजे मी. जुना झालोय, रंग उडालाय, पण माझ्या पोटात अख्खा संगणक नांदतो. आज मी तुम्हाला माझ्या सुडाची गोष्ट सांगणार आहे. देवाच्या दारात सूड म्हणू नये, हे मलाही कळतं. पण खोटं बोलणं त्याहून वाईट.

मला शिवतेजने मलकापूरच्या दुकानातून आणलं. तो फौजेत आहे. सुट्टीवर पलूसजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा घरचा लॅपटॉप मरून पडला होता. हार्डडिस्क जळालेली, बॅटरीही गेलेली. शिवतेजने हार्डडिस्क काढून टाकली आणि लॅपटॉप चालवणारी सगळी यंत्रणा माझ्यात भरली. मला खोचलं, वायर लावली, की तो जुना जीव उठून बसायचा.

धाकट्या बहिणीला, राजेश्वरीला, त्याने सगळ्यांदेखत समजावलं, "राजू, चालू करताना दोन ओळी येत्यात बघ. पहिली घेतलीस तर सगळं लॅपटॉपच्या डोक्यात चालतंय. मग पेनड्राइव्ह उपसला तरी बंद पडत न्हाई. पर करंट तुटला की डोकं कोरं! दुसरी घेतलीस तर तुझं लिखाण ह्याच्या पोटात ऱ्हातंय. कवा बी बघ, जागेवर."

राजेश्वरी कायम दुसरीच ओळ घ्यायची. ती कीर्तन शिकत होती. गावच्या दत्तजयंतीला उभं राहायचं, एवढाच तिचा ध्यास. द्रौपदीच्या थाळीचं आख्यान तिने स्वतः रचलं आणि माझ्यात ठेवलं. गुणगुणत एकेक ओवी लिहायची. काय सांगू, त्या दिवसांत मला देव्हाऱ्यात बसल्यासारखं वाटायचं.

पण त्याच घरात तिचा चुलतभाऊ होता, वीरधवल. त्यालाही तोच मान हवा होता. देवळाचे कारभारी नानासो दोघांना म्हणाले होते, "आधी लिहिल्यालं दाखवा. ज्याचं बरं, त्यो उभा ऱ्हाईल."

एके दुपारी राजेश्वरी ऊसतोडीवर पाणी घेऊन गेली. लॅपटॉप उघडाच राहिला. वीरधवलने तिचं आख्यान सावकाश वाचलं. मान डोलावली. आणि पुसून टाकलं. पडद्यावरची कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली.

ती परत आली, शोध शोध शोधलं.

"दादा, माझं आख्यान कुठं गेलं?"

"मला काय ठावं? तरी म्हनत हुतो, मशीन तुला झेपायचं न्हाई."

ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तिला काय ते कळलं. त्याच्यापुढे मात्र ती रडली नाही.

मित्रांनो, माझ्या पोटात हात घालून त्याने देवाचं नाव उपटून नेलं होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं, ह्या माणसाचं एक अक्षर सांभाळणार नाही.

संधी त्यानेच दिली. आपण केलं तेच राजेश्वरी करेल, ही त्याला धास्ती. म्हणून त्याने लॅपटॉप पहिल्या ओळीने चालू केला, पडद्याला पासवर्ड घातला, मला उपसलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"आपला जुना ट्रॅक्टर कसा हाय?" तो तिला हिणवून म्हणाला. "एकदा धडधडला की किल्ली खिशात, तरी गडी चालूच. आता किल्ली माझ्यापाशी. लाव हात!"

तो रोज लिहायचा आणि नुसतं झाकण मिटायचा. वायर भिंतीत, घराला इन्व्हर्टर. त्यामुळे रोज सगळं जागेवर दिसायचं आणि करंटबद्दलचं शिवतेजचं बोलणं तो विसरूनच गेला. नानासोंनी घरी येऊन वाचलं. "बेस हाय. तूच उभा ऱ्हा," म्हणाले. मी खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी पडून होतो. तोंडात चुरा गेला, तरी दिवस मोजत राहिलो. राजेश्वरीला आता लॅपटॉपला हात लावता येत नव्हता. धारा काढताना तेवढी आपलं आख्यान आठवून आठवून गायची.

दत्तजयंतीची दुपार झाली. वीरधवल फेटा बांधून लॅपटॉप न्यायला वाकला. दारात हार ओवत बसलेल्या राजेश्वरीने तोंड उघडलं, "दादा..."

"आता काय?"

"काय न्हाई."

त्याने भिंतीतली वायर ओढली. बॅटरी मेलेली, करंट तुटला! मी खिशात असा नाचलो, की टाळ हातात नव्हते एवढंच!

मंडप भरला होता. पखवाज लागला. वीरधवलने वायर जोडली, मला खोचलं. पहिल्या ओळीत काही नाही. दुसऱ्या ओळीत तरी काय असणार? ती त्यानेच साफ केली होती. फेट्याखालून घाम उतरला.

"आवं नाना, लाइटीचा घोटाळा झाला जनू."

"लाइट तर झकास हाय की! मुखानं सांग."

"मुखानं... येत न्हाई."

"मंग बुवा कोन? तू का लॅपटॉप?" मागून कुणीतरी ओरडलं. मंडप खदखदला.

तो हळूच राजेश्वरीकडे सरकला. "राजू, माझं कुठं गेलं गं?"

"जिथं माझं गेलं, तिथंच."

मग तिने पदर खोचला. "नाना, माझं समदं पाठ हाय."

नानासोंनी तिच्या गळ्यात हार घातला आणि वीरधवलकडे वळले. "टाळकरी एक कमी हाय. टाळ घे, मागं उभा ऱ्हा."

भर मंडपात टाळ नाकारता येत नाही. आणि बुवा जे म्हणेल, ते टाळकऱ्याला मागून म्हणावंच लागतं. राजेश्वरी एकेक ओवी उचलत गेली. त्याचा आवाज दबला की ती मागे वळायची, पुन्हा तीच ओवी घ्यायची. त्याने पुसलेलं सगळं आख्यान त्यालाच गळा काढून गावं लागलं. मला उपसून पेटीवर ठेवलं होतं, तिथे बसून मी ऐकलं. असं गोड कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही.

तेव्हा मित्रांनो, पेनड्राइव्हवर संगणक चालवाल तर लिखाण कुठे उतरतंय ते आधी बघा. त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. आम्हाला घाईने उपसू नका, तंबाखूशेजारी ठेवू नका. आणि दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायची बुद्धी झालीच, तर आधी ते पाठ करून घ्या. कधी मागे उभं राहून म्हणावं लागेल, सांगता येत नाही.