नादबाबांची सिममुक्ती

नादबाबांनी कात्री उचलली आणि शिरूर अनंतपाळच्या बाजार मैदानावरचा अख्खा मंडप चिडीचूप झाला. बाबांच्या चिमटीत नखाएवढं सिमकार्ड होतं, निटूरच्या एका कापड दुकानदाराच्या फोनमधून नुकतंच काढलेलं. कच्च! दोन तुकडे झाले आणि धुनीत पडले. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, तोसुद्धा पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे मिटून छातीत भरून घेतला.

"सिम म्हंजी देह!" बाबा माइकवर गरजले. "नंबर म्हंजी आत्मा! देह जळाला, आत्मा कुटं गेला?"

"कुटंच न्हाई!" मंडप ओरडला.

"मंग लावा फोन!"

कुणीतरी नंबर फिरवला. दुकानदाराच्या हातातला फोन, ज्यात आता सिमच नव्हतं, खणखणून वाजला. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. दुकानदार तर रडायलाच लागला.

मागच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या मृत्युंजयच्या अंगाचा तिळपापड झाला. बस स्टँडसमोर त्याचं 'महादेवी मोबाइल' हे दुकान दहा वर्षांपासून होतं. सिम घालायला पाच मिनिटं जास्त लागली तर गिऱ्हाईक त्याला खानदानासकट ऐकवून जायचं. तेच गिऱ्हाईक इथे दर गुरुवारी 'शुद्धी'साठी दोन-दोन तास फोन सेवकांच्या स्वाधीन करून, हात जोडून बसत होतं. हा चमत्कार म्हणजे साधं ई-सिम आहे, हे त्याने पहिल्याच गुरुवारी ओळखलं होतं. अशी तीन कामं त्याने स्वतः केली होती. तेव्हा कुणी हार घातला नव्हता. एकाने तर "एवढंच?" असं विचारलं होतं.

हेही त्याने गिळलं असतं. पण पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. सिंधू आशा कार्यकर्ती होती. आसपासच्या चार वाड्यांतल्या गरोदर बायांच्या कार्डावर तिचा नंबर होता. पूर्वी फोनचं काहीही अडलं की ती मृत्युंजयला विचारायची. आता बाबांना विचारायची. आणि बाबा बोलायला लागले की ती ज्या नजरेने बघायची, तसं आपल्याकडे तिने बारा वर्षांत एकदाही पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने एक घोळ करून ठेवला होता. रागाच्या भरात तो बटणांचा जुना फोन घेऊन थेट मंचावर चढला आणि म्हणाला, "करा याची मुक्ती!" ई-सिम त्या फोनमध्ये होणंच शक्य नव्हतं. बाबाची फजिती होणार, अशी त्याची खात्री होती. पण बाबांनी फोनवरून मोरपीस फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

"या यंत्रात पुण्य न्हाई, बाळा. आन् आणणाऱ्याच्या पोटात लई जळजळ हाय."

मंडप खो-खो हसला. सिंधूही पदर तोंडाला लावून हसली. ते हसणं त्याला फार लागलं. त्याहून वाईट म्हणजे, जळजळीचं निदान अगदी बरोबर होतं.

बुधवारी घरात कडाक्याचं भांडण झालं. सिंधूच्या भावाने तिला त्याचा भारीतला फोन दिला होता आणि ती गुरुवारी त्याची मुक्ती करून घेणार होती.

"विशाखाचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "त्यांची वाडी खड्ड्यात. तिथं गेलं की माझा फोन लागत न्हाई. बाबा म्हणले, मुक्ती झाली की कुटंबी रेंज येती."

"रेंज टॉवरची असते. बाबाची न्हाई!"

"बाबाचं काईच बघवत न्हाई तुम्हाला."

"मी दहा वर्षं हेच काम करून राहिलो, सिंधू!"

"मंग समजावून सांगा की. तुम्ही सांगत न्हाई, तुम्ही जळून राहिलात. आवाजातच कळतंय."

त्याने ताट सरकवलं आणि उपाशी झोपला.

आणि आज गुरुवारी अकरा वाजता सिंधूने फोन सेवकांच्या तंबूत दिला होता. साडेबाराला मृत्युंजयचा फोन वाजला. विशाखाची सासू धुरपताबाई वाडीच्या टेकावर चढून ओरडत होती.

"दुकानवाले का? आशाताईचा फोन कामून बंद हाय? तासभर झाला लावून राहिले! पोरीला कळा सुटल्यात, पाणी गेलंय!"

मृत्युंजयच्या मनात पहिला विचार आला तो असा: सापडला बाबा! दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला, वाडीचा फाटा नीट समजावून सांगितला आणि माणसं तुडवत पहिल्या रांगेत शिरला.

"विशाखाला कळा सुटल्यात. तुझा फोन तासभर लागत न्हाई."

"कसा लागत न्हाई? शुद्धीला—" सिंधूचा चेहरा उतरला. "तासभर?"

"बोलत बसू नको. हा माझा फोन घे. गाडी फाट्यावर येऊन राहिली."

तिने फोन घेतला आणि रस्त्यावरची पहिली रिक्षा पकडून निघून गेली. बाबाचं पितळ सिंधूच्या डोळ्यांदेखत उघडं पाडायचं, हे स्वप्न त्याने दोन महिने उराशी बाळगलं होतं. आता पडदा उचलायची वेळ आली, तर ते डोळेच तिथे नव्हते.

तो तंबूत घुसला. टेबलावर चिठ्ठ्या लावलेले पंधरावीस फोन होते आणि शेषेराव नावाचा सेवक लॅपटॉपवरचा चौकोनी कोड सिंधूच्या फोनवर नुकताच घेऊन मोकळा झाला होता. मृत्युंजयने तिचा फोन उचलला, बगलेत लॅपटॉप मारला आणि सरळ मंच गाठला.

"आली!" बाबा हसले. "जळजळ परत आली!"

मंडपही हसला. मृत्युंजयने माइक ओढून घेतला.

"आली," तो म्हणाला. "बाबा खरं बोलून राहिलेत. मी जळतो. तुम्ही माझ्या दुकानात भांडता आन् इथं रडता, म्हणून जळतो. माझी बायको यांचं ऐकती, माझं ऐकत न्हाई, म्हणून तर लईच जळतो."

असं काही ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

"माझ्या जळण्याचं मी बघून घेतो. तुम्ही एकच करा. आपापला फोन काढा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा."

बाबांनी हात उंचावला. "यंत्रपूजेत विघ्न—"

"दाबू द्या की महाराज, आकडेच तर हायत!" मागून कुणीतरी ओरडलं. शेकडो अंगठे चालले.

"बत्तीस आकड्यांचा लांबलचक नंबर आला का? वर ईआयडी लिहिलंय? ज्यांना आला त्यांनी उभं राहा. आता बघा. बाबाची कृपा झाली ती सगळी मंडळी उभीच हायत. आन् ज्यांच्यात पुण्य कमी पडलं, ती सगळी खालीच हायत. बाबाची कृपा माणूस बघत न्हाई. मॉडेल बघती."

मंडपात कुजबुज पसरली. लोक एकमेकांच्या फोनमध्ये डोकावू लागले.

"ईआयडी असलेल्या फोनच्या पोटात कंपनीने आधीच एक चिप बसवलेली असती. प्लास्टिकच्या कार्डात जे लिहिलेलं असतं, ते त्या चिपमधी घेता येतं. सेवक तुमच्याच फोनवरून, स्वतःचा ईमेल टाकून, कंपनीला मेसेज करतो. खात्री करायला फोन येतो, तुमच्या नावानं तोच 'हो' म्हणतो आन् जुनं कार्ड मरतं. मंग ईमेलवर चौकोनी कोड येतो. तो घेतला की नंबर चिपमधी येतो. यालाच दोन तास लागतात, तीच तुमची शुद्धी. बाबा कात्री चालवतो ती मेलेल्या कार्डावर!"

"खोटं!" शेषेराव ओरडला.

"खोटं? मंग या लॅपटॉपवर तुझ्या ईमेलमधी या सगळ्यांचे कोड कसे?" मृत्युंजयने पडदा लोकांकडे वळवला. "तुमचा कोड दुसऱ्याच्या ईमेलवर येतो, म्हंजी तुमच्या नंबरची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. उद्या हाच नंबर त्यानं आपल्या फोनमधी घेतला, तर तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडं. आन् आज या खेळापायी आशाताईचा फोन तासभर मेलेला होता. एक लेकरू अडलंय तिकडं."

त्याने सिंधूच्या फोनमधून सिम काढलं आणि बाबांच्याच कात्रीने त्याचे दोन तुकडे केले.

"मी कुणी बाबा न्हाई. आज तर मी आंघोळ बी केलेली न्हाई. लावा आता."

कुणी नंबर फिरवायच्या आतच तो फोन वाजला. मृत्युंजयने स्पीकर चालू करून माइकसमोर धरला.

"लागला का एकदाचा!" सिंधू मृत्युंजयच्या फोनवरून बोलत होती, मागे भोंगा वाजत होता. "विशाखाला घेतलंय गाडीत. नर्सबाई म्हणल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघंबी गेली असती. त्या बाबाला इचारा, माझा फोन कुटं ठेवला होता?"

बाबांनी मागच्या पडद्याकडे बघितलं. तिथे आधीच पाचसात माणसं उभी होती.

गर्दीतून किशनराव पुढे आले. सत्तरीचा माणूस, बटणांचा फोन. तीन गुरुवार बाबांनी त्यांचा फोन 'पुण्य न्हाई' म्हणून परत केला होता. तेव्हापासून त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं होतं, हे गावाला माहीत होतं. मंचाच्या पायरीवर ते थांबले.

"म्हंजी..." त्यांनी आपला फोन पुढे केला. "माझं पाप नव्हतं का, मृत्युंजय?"

"न्हाई, काका. फोन जुना हाय. बस्स, एवढंच."

किशनराव तोंड झाकून रडले. मग डोळे पुसून एकदम वाकले, मृत्युंजयच्या पायांकडे. त्यांच्यामागे निटूरचा दुकानदारही वाकायला लागला. दोन महिने मृत्युंजय ज्यासाठी जळत होता, ते आता त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर होतं. खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला फार गोड वाटलं. मग तो झटकन मागे सरला आणि त्याने किशनरावांचे दोन्ही खांदे धरून त्यांना उभं केलं.

"माझ्या पाया पडू नका, काका. कुणाच्याच पडू नका," तो म्हणाला, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "कसं केलं, ते इचारा. सांगत न्हाई म्हणला, तर उठून घरी जा."