निघालेला माणूस

“सूनबाई, गाडीवानाचं नाव-गाव विचारून ठेव बरं. कापसाच्या दिवसांत माणसाले जागा देते कोण?” शेजारच्या दुर्गाबाईंनी बजावलं होतं.

अनसूया हसली होती. “अहो काकू, मामंजी काय पाळण्यातले आहेत? तीस वर्षं कचेरीत साहेबाशी बोलले, गाडीवानाशी नाही बोलणार?”

त्या वर्षी कुठल्याशा सातासमुद्रापलीकडच्या मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. त्यांच्या अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रीघ, पण बसायला एकीतही जागा नाही. नेमक्या त्याच हंगामात तिच्या सासऱ्यांनी, भगवंतरावांनी, कारकुनी सोडली आणि त्र्यंबकेश्वराची यात्रा काढली. अकोल्यापर्यंत गाडी. तिथे त्यांचा मुलगा, अनसूयेचा नवरा उद्धव एका कापूस-व्यापाऱ्याच्या चाकरीत होता. तो पुढे रेल्वेपर्यंत पोचवणार होता.

मुहूर्त निघाला गुरुवारचा, गाडी मिळायची रविवारी. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी प्रस्थान ठेवलं. मुहूर्तावर काठी, धोतर आणि सुपारी घेऊन विठ्ठलाच्या देवळात जाऊन राहिले. एकदा प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला. यात्रा होईस्तोवर त्याने आपल्या घराचा उंबरा चढायचा नाही. घर शंभर पावलांवर, पण तीन दिवस अनसूया आठ महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन देवळात ताट पोचवत होती. रविवारी एका गाडीवानाने त्यांना बसवून नेलं. लेक रडत होती, दुपटं सुटलं होतं. नाव विचारायचं राहिलं.

सतराव्या दिवशी उद्धव घरी आला. पाय धुता धुता म्हणाला, “बाबा देवळातच आहेत का अजून? गाडी नाही मिळाली?”

तिने हातातला तांब्या खाली टेकवला.

“म्हणजे... ते तुमच्याकडे आले नाहीत?”

तिला वाटत होतं, ते अकोल्याहून पुढे गेले. त्याला वाटत होतं, निघालेच नाहीत. दोघंही सतरा दिवस निवांत.

“काही अडलं असतं तर परत आले असते,” तो पुटपुटला.

“परत? शंभर पावलांवरून जेवायला आले नाहीत ते! कुठंतरी वाटेतच बसले असतील.”

“बरं, तू राहा पोरीजवळ. मी पाहून येतो.”

“आत्ता त्याच रस्त्यानं आलात ना? मग पाहिलंत का?”

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेठजींच्या गाड्या अकोल्याला निघाल्या. देवीदास गाडीवानाला गळ घालून लेकीसह तिघं कापसाच्या गासड्यांवर चढून बसली. वाटेत देऊळ दिसलं की अनसूया गाडी थांबवायची. देवीदास वैतागला. “वहिनी, अशानं तं आपलीच यात्रा होऊन राहिली!”

तिसऱ्या दिवशी, अकोला आठ कोसांवर राहिलं असताना, एका महादेवाच्या देवळापाशी पाणी भरणारी बाई भेटली. रुख्मिणी तिचं नाव.

“तो म्हातारा तुमचा व्हय? लय हट्टी बुवा! भाकर देली तं म्हने आमाले चालत नाई. नुसतं दूध अन् फुटाने. अन् गाडी दिसली का चालला काठी टेकत रस्त्यावर! चार दिवसांपासून तं उठूनच नाई राहिला. कावून सोडलं हो म्हाताऱ्याले असं एकटं?”

भगवंतराव देवळामागच्या पडवीत निजले होते. पाय सुजलेला, अंगात ताप. उद्धवला पाहून डोळे उजळले.

“आलास? चिठ्ठी दिली होती एका गाडीवानाजवळ. पोचली म्हणायची.”

चिठ्ठी कुणालाच पोचली नव्हती. उद्धवने अनसूयेकडे पाहिलं. “पोचली, बाबा.”

“ज्यानं घरून आणलं त्या गाडीवानाला इथं दोन गासड्या चढवायच्या होत्या, म्हणून मला उतरवलं. म्हणाला, मागची गाडी घेईल तुमाले. मागची आली, तर तीही कापसानं भरलेली.”

“घरी चला, बाबा.”

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे केलं. “मी निघालेला माणूस आहे.”

अनसूया पुढे झाली. घरी नेलं तर बावीस कोस, आणि असे रुसून ते वाटेत दूधही घ्यायचे नाहीत. “घरी कोण म्हणतंय, मामंजी? पुढेच जायचं आहे. अकोल्याला वैद्य आहेत. उठा.”

त्यांनी काठीसाठी हात पुढे केला.

पण गासड्यांच्या ढिगावर आजारी माणूस निजवायचा कसा? उद्धव गाडीवर चढला आणि दोर सोडू लागला.

“अबे, शेठची गासडी रस्त्यावर टाकतं का?” देवीदास ओरडला. “तुले काढून टाकतीन अन् संग मलेही!”

“माझं नाव सांग.”

एक गासडी धुळीत पडली. मग दुसरी. झालेल्या खोबणीत भगवंतरावांना निजवलं, अनसूया लेकीला घेऊन उशाशी बसली. गाडी हलली. लेकीच्या नाकाशी ती बोट धरी, मग सासऱ्यांच्या. लेकीचा श्वास लगेच लागे. त्यांचा कधी लागे. कधी चाकं अशी खडखडत की काही कळतच नसे. अकोला अजून सहा कोस होतं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरून कुणी म्हातारं माणूस देवाला निघालं असेल, आणि ‘पोचले असतील’ म्हणून तुम्ही झोपत असाल. निरोपावर विसंबू नका. उठा, जाऊन पाहा.