आकाशापेक्षा जास्त हवा

गॅरेजच्या मागच्या छोट्या खोलीत माझी लेक झोपते आणि ती झोपली की मी कामाला लागते. नवरा पान्हे चालवतो, मी लॅपटॉप. सासरे आता गाडीला हात लावत नाहीत. काठी टेकवून खुर्चीत बसतात आणि दोघांच्या चुका काढतात.

त्या दिवशी एका गाडीला नवा ऑक्सिजन सेन्सर बसवायचा होता. अंगठ्याएवढी वस्तू. सायलेन्सरच्या नळीत बसते आणि इंजिनाच्या धुरात किती प्राणवायू उरलाय ते हुंगून सांगते, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय की कमी ते कळतं. पण त्याआधी त्याला एकदा चांगली हवा दाखवावी लागते. मोकळा टांगायचा, तापू द्यायचा आणि आकडा स्थिरावला की बटण दाबून सांगायचं, ही बघ हवा, हिच्यातला प्राणवायू २०.९ टक्के म्हणायचा. पुढे जन्मभर तो सगळं या एका ओळखीवरून मोजतो. नुकत्याच जन्मलेल्या जिवाला आपण पहिलं काहीतरी दाखवतोय, असं मला दरवेळी वाटतं आणि बटण दाबताना बोट जरा थबकतं.

हे काम उघड्यावर करायचं असतं. पण बाहेर बोचरा वारा होता आणि शेडमध्ये धूर.

"खोलीतच टांग," नवरा म्हणाला. "तिथे ना धूर, ना पेट्रोलचा वास."

खरंच होतं ते. नातीला थंडी वाजू नये म्हणून सासऱ्यांनी तिथे गॅसचा हीटर ठेवला होता आणि खिडकीच्या फटी स्वतःच्या हातांनी कापडाने बुजवल्या होत्या. निळी ज्योत, धूर नाही की वास नाही. त्या उबेत लेक इतकी गाढ झोपायची की मी मनातल्या मनात सासऱ्यांचे आभार मानायची. मी सेन्सर तिच्यापासून लांब, उंच खिळ्याला टांगला, आकडा थांबल्यावर बटण दाबलं आणि पावलं न वाजवता बाहेर आले.

गाडी अंगणात उभी होती. नळीत बसवण्याआधी सहज म्हणून नवऱ्याने सेन्सर आरशाला अडकवला. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा चढू लागला आणि चढतच गेला. २१.६.

"एवढा प्राणवायू हवेत असतो?" नवऱ्याने विचारलं.

"कुठेच नसतो."

"मग माल खराब. दुकानदाराच्या माथी परत मारतो."

"थांब रे," सासरे खुर्चीतून म्हणाले. "आपल्या अंगणातली हवा खास असेल. बाटल्या भरून विकू. गॅरेजपेक्षा बरं चालेल."

आम्ही दोघं हसलो. मी आकड्याकडे बघत राहिले. तो जरासुद्धा हलत नव्हता. खराब वस्तू अशी ठाम नसते, ती भरकटते. हा आपल्या शब्दावर अडून बसला होता. त्याला आम्ही एक हवा दाखवली होती, पूर्ण हवा म्हणून. आता तो सांगत होता की इथली त्याहून जास्त आहे.

इथे जास्त असूच शकत नाही. म्हणजे तिथे कमी होती.

तिथे लेक झोपली होती.

मी कधी पळाले, दार कसं उघडलं, आठवत नाही. तिला उचलली तेव्हा तिची मान माझ्या खांद्यावर लुळी पडली. अंगणात आणून गालावर फुंकर घातली, हाक मारली, पाठ चोळली. नवरा आत जाऊन हीटर बंद करत होता. सासरे उभे राहिले होते, काठीशिवाय.

लेकीने नाक मुरडलं. मग तोंड. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं.

"रड," सासरे म्हणाले. "रड गं माझे बाई, पोटभर रड."

आम्ही तशीच तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त बघितलं, मास्क लावून बराच वेळ प्राणवायू दिला. बंद खोलीत असली ज्योत हवा खात राहते आणि वर विषारी वायू सोडते, त्याला रंग नाही, वास नाही, असं त्या म्हणाल्या. वेळेवर आणलीत, म्हणाल्या. कसं कळलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने खिशातून तो सेन्सर काढून टेबलावर ठेवला. तो का बरोबर आणला होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला पुन्हा हवा दाखवली, या वेळी अंगणात. लेक सासऱ्यांच्या कडेवर, जरा लांब. मी थोड्या अंतरावरून हलकेच श्वास सोडला. आकडा झरकन खाली आला आणि पुन्हा चढून २०.९ वर टेकला. माझा श्वास त्याने ओळखला होता. आम्ही तिघं मोठी माणसं तोंडं उघडी टाकून त्या अंगठ्याएवढ्या वस्तूकडे बघत होतो.

"आता गाडीत बसवायचा ना?" नवऱ्याने विचारलं.

"आधी खोलीत," सासरे म्हणाले.

हीटर गेला होता, फटींतलं कापड त्यांनी ओढून काढलं होतं. सेन्सर त्याच खिळ्याला टांगला. २०.९. त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला आणि मगच नातीला माझ्याकडे दिली.

आता ती टोपरं घालून, दुलईत झोपते आणि वाऱ्याच्या झुळकीनेही जागी होते. माझ्या हाती पूर्वीचा निम्माही वेळ लागत नाही. एवढं लिहीपर्यंत ती तीनदा उठली. ही बघा, चौथ्यांदा.