व्यंकटरावाच्या माडीवरचा डबा

आमच्या गावाची रीत आहे. पंचायतीला काहीही मिळालं, की ते जपून ठेवायला व्यंकटरावाच्या माडीवर जातं. लग्नाची भांडी तिथं, सतरंज्या तिथं, स्पीकर तिथं. पोरांना शाळेबाहेर अभ्यासाला फुकट इंटरनेट मिळावं म्हणून सरकारनं वायफायचा डबा दिला, तर चोरीला जाईल म्हणून तोही तिथंच चढला. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. इस्लापूरच्या पुढं आमच्याकडे मोबाईलला रेंज नाही, मग पोरं माडीच्या भिंतीला चिकटून बसायची आणि शिव्या पडल्या की पांगायची.

त्या दिवशी माझ्या पोरीचा, महामायेचा पेपर होता, लातूरच्या एका क्लासचा, मोबाईलवर. नंबर लागला तर डॉक्टरकीची शिकवणी फुकट, नाहीतर माझ्यासोबत कापूस वेचायला. मध्येच नेट तुटलं तर पेपर बाद. भिंतीशी नेट तुटक येत होतं, म्हणून तिला मी माडीच्या बाहेरच्या जिन्यावर, पार वरच्या पायरीला बसवलं आणि स्वतः खाली थांबले.

व्यंकटराव काठी घेऊनच आला. सोबत त्याचा पोरगा.

"पंचफुले, पोरीला उठीव. जिना बाटवून राहिली."

"पेपर हाय तिचा. जरा दम धरा. डबा सरकारचा हाय, तुमच्या बापाचा न्हाई."

तोंडातून गेलं ते गेलं. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी कानावर.

"वर जा रे, वायर उपट!" तो पोराला ओरडला.

मी दोन्ही कठडे धरून जिन्यात आडवी झाले. पोरानं केस धरून ओढलं, तसा मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तोंडात त्याचं रक्त आलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग दोघांनी मला गुरासारखं बडवलं. कठड्यावरची बोटं काठीनं ठेचली. हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. सगळी गल्ली उभी राहून बघत होती, आणि त्यातल्या निम्म्यांची पोरं त्याच डब्यावर शिकत होती. थू त्यांच्या जिंदगानीवर! शेजारची हुसेनबी तेवढी मधे पडली, तिलाही एक बसली.

"आई, झाला पेपर," वरून आवाज आला, तेव्हा माझे हात सुटले.

तिचा नंबर लागला. ती लातूरला गेली. लोक विचारतात, आई मार खात होती आणि पोरगी उठली कशी नाही? काहीही झालं तरी मान वर करू नको, असं मीच तिला बजावलं होतं. पण ती इतकं ऐकेल, हे मला अजून सोसत नाही.