भूल देणाऱ्याचं अर्धं वाक्य

"लोक भूल करतात, मी देतो," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. या विनोदाने कान किटलेली आई म्हणायची, "पहिली मलाच दिली. अजून उतरली नाही."

भूलतज्ज्ञाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. पेढे सर्जनच्या घरी जातात. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा ध्यास वेगळाच. भूल देण्याआधी ते पेशंटला बोलतं करायचे. कुणी गळक्या छपराचं गाऱ्हाणं सांगे, कुणी जावेच्या तोऱ्याचं, आणि मध्येच वाक्य तुटून माणूस झोपी जाई. ऑपरेशन संपून पापण्या हलू लागल्या की बाबा कानाशी वाकत. "हं, मग जाऊ काय म्हणाली?"

जागं होणाऱ्याला आधी बोलणं भेटावं, दुखणं मागून आलं तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. अशा पेशंटना वेदनेवरचं औषध कमी लागतं, हे सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. शोधनिबंध दर वेळी साभार परत आला.

"पुरावा तोकडा आहे म्हणे," ते हसून सांगत.

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांचा लेकीला फोन आला. "तू आलीस ना, की तुला..." तेवढ्यात कुणीतरी त्यांना थिएटरमधून हाक मारली. "थांब, नंतर सांगतो."

ते नंतर आलंच नाही. संध्याकाळच्या आत त्यांचं हृदय बंद पडलं.

काय सांगायचं असेल, म्हणून तिने आईला खोदून खोदून विचारलं. "छत्री परत आण म्हणायचं असेल," आई म्हणाली आणि तोंड फिरवून भांडी लावत बसली.

यंदा लेकीच्या पित्ताशयात खडे निघाले. घराजवळचा दवाखाना सोडून ती हट्टाने बाबांच्याच हॉस्पिटलात दाखल झाली. भूल द्यायला त्यांची शिष्या होती. अंगाने इतकी काटकुळी, की बाबांनी तिचं नाव टाचणी ठेवलेलं.

"ताई, बोला काहीतरी," टाचणी सुई टोचता टोचता म्हणाली. "सरांच्या मुलीला सूट नाही."

याचसाठी तर ती आली होती. तिने फोनचं सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेली ही मुलगी, हिला ठाऊक असलं तर? "म्हणाले, तू आलीस ना, की तुला..." जीभ जड झाली.

मग दिवा दिसला. घसा कोरडा होता. पोटात काहीतरी दूरवरून यायला निघालं होतं.

"हं," कानाशी आवाज आला. "तू आलीस ना, की तुला..."

ती वाट पाहत राहिली. "पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही, ताई. मला नाही बोलले ते." टाचणीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "खोटं रचून सांगू नये, अशी त्यांची ताकीद होती. पेशंट थांबला तिथवरच आपण जायचं."

 तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं.

"दुखतंय का? औषध देऊ?"

"थांब जरा," ती म्हणाली. "आधी ते परत म्हण."

टाचणी पुन्हा वाकली. तो फोन तिने कधी ऐकला नव्हता. पण "तुला"वर आवाज लांबवून, किंचित वर नेऊन सोडून द्यायची लकब थेट त्यांची होती.

"अजून एकदा," लेक म्हणाली.